प्रदेशसंशोधन आणि राज्यधोरण

एखाद्या प्रदेशाचे वर्णन करणारा ग्रंथ हाती आला म्हणजे टीकाकार सामान्यतः दोन गोष्टी पाहतो: त्यातील माहिती विश्वसनीय आहे की नाही, आणि तिची मांडणी सुसंगत आहे की नाही. इतर ग्रंथांपुरती ही कसोटी पुरेशी असेल. परंतु ज्या संशोधनाच्या आधारे पुढे जमिनीची मालकी ठरते, जंगलाची हद्द आखली जाते, कर्जमाफी कोणास मिळावी व कोणास मिळू नये याचा निवाडा होतो, त्याची परीक्षा एवढ्यावर थांबविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. अशा ग्रंथास आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. तो कोणाच्या सांगण्यावरून लिहिला गेला? राज्यकर्त्यांनी त्यातील काय उचलले व काय टाकून दिले? आणि ज्यांच्याविषयी तो लिहिला, त्या लोकांच्या हाती अखेर काय पडले? या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने एका लहानशा मुलखाविषयीच्या वाङ्मयाचे परीक्षण करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

तो मुलूख म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा व त्याच्या आसपासचा टापू. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठाणे. तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे आदिलाबादचा प्रदेश लागतो. नदीच्या दोन्ही तीरांवर कापसाची तीच काळी जमीन आहे, सागाचे तेच रान आहे, आणि तेच गोंड व कोलाम लोक पिढ्यानपिढ्या नांदत आले आहेत. राज्ये मात्र निरनिराळी. उत्तर तीर १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडाबरोबर इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र, असा त्याचा प्रवास झाला. दक्षिण तीर निजामाकडे राहिला. १९५६ मध्ये तो आंध्र प्रदेशात व २०१४ मध्ये तेलंगणात गेला. लोक एक आणि राज्ये दोन, अशी ही स्थिती असल्यामुळे संशोधनाचा धोरणावर काय परिणाम होतो हे ताडून पाहण्यास याहून सोयीचे ठिकाण सहसा सापडणार नाही.

या मुलखाविषयीचे पहिले पद्धतशीर लेखन इंग्रज अधिकाऱ्यांचे आहे. सर आल्फ्रेड लायल यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. लायल हे नुसते हिशेबनीस अधिकारी नव्हते. वऱ्हाडातील लोकांच्या देवदेवतांविषयी व श्रद्धांविषयी त्यांनी जे विवेचन केले, ते पुढे १८८२ च्या ‘एशियाटिक स्टडीज’ या ग्रंथात समाविष्ट झाले व विलायतेतील विद्वानांनी ते आदराने वाचले. याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाड यांकरिता कापसाचा स्वतंत्र कमिशनर नेमण्यात आला होता. त्या पदावरील हॅरी रिव्हेट-कार्नाक यांचे अहवाल आज वाचताना त्यांतील बारकाव्याचे नवल वाटते. बियाणे कोणते, बाजार कोणता, गाठी कशा बांधल्या जातात, रस्ता कोठे खचतो, यांतील काहीही या गृहस्थांच्या नजरेतून सुटलेले नाही.

या वाङ्मयाचा राज्यधोरणाशी संबंध अगदी सरळ होता. लिहिणारा आणि अंमल करणारा हे एकाच कचेरीतले, किंबहुना पुष्कळदा एकच. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरास जलद पोहोचावा ही त्या काळच्या सरकारची निकड होती. तीस अनुसरून माहिती गोळा झाली, तीस अनुसरून सडका व आगगाड्या झाल्या. संशोधन निष्फळ गेले असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु कापूस पिकविणाऱ्या कुणब्याच्या घरात ज्वारी किती उरते, त्याच्या बैलास चराई कोठे मिळते, हे प्रश्न त्या चौकशीच्या कक्षेत गौण होते. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडचा कापूस व दुष्काळ यांविषयी १९९७ मध्ये जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात याच दुर्लक्षाचा हिशेब मांडला आहे. गायराने आकसली, अन्नधान्याचे क्षेत्र कापसापुढे हटले, आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळात संपन्न म्हणविणारा हा प्रांत उघडा पडला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यावरून एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्ञान आणि सत्ता यांतील अंतर कमी झाले म्हणजे ज्ञान आपोआप लोकोपयोगी होते, हा समज निराधार आहे. प्रश्न विचारणाराच चुकीचा असला तर अचूक उत्तराने हानीच अधिक होते.

दुसरा काळ १९४० नंतरचा. आदिलाबादच्या डोंगरात जंगलखात्याचा व बाहेरून आलेल्या जमीनदारांचा जाच असह्य झाल्यामुळे कोमराम भीम याच्या नेतृत्वाखाली गोंड व कोलाम उठले, आणि १९४० मध्ये जोडेघाटजवळ पोलिसांच्या गोळीबारात भीम व त्याचे साथीदार मारले गेले. बंड मोडल्यावर निजाम सरकारास त्याची कारणे जाणून घेण्याची इच्छा झाली आणि ते काम एका परक्या पंडिताकडे आले. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हे मूळचे व्हिएन्नाचे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर हैदराबाद संस्थानच्या हद्दीचे बंधन पडले. त्या बंधनाचा त्यांनी असा उपयोग केला की, चेंचू, डोंगरी रेड्डी व राजगोंड या तीन जमातींवरील त्यांचे ग्रंथ आजही मानवशास्त्रात प्रमाण मानले जातात. ते गोंडांच्या वस्तीत राहिले, गोंडी भाषा शिकले, आणि पाहिले ते लिहून काढले.

येथे टीकाकाराने एक भेद अवश्य केला पाहिजे. हाइमेनडॉर्फ यांची कीर्ती ज्यावर उभी आहे तो ‘राजगोंड’ ग्रंथ १९४८ मध्ये निघाला आणि त्याचा विषय प्रामुख्याने पुराणकथा व धर्मविधी हा आहे. त्यातील कथांचे संकलन मोलाचे खरे. परंतु लोकांच्या भाकरीशी ज्याचा संबंध आला ते लेखन निराळेच. ते म्हणजे १९४५ मध्ये हैदराबादच्या महसूल खात्याने छापलेले चार अहवाल. त्यांत अलंकार नाहीत व सिद्धांतही नाहीत. कोणत्या गावातून कोणास उठविले, कोणत्या रानाच्या हद्दीत कोणाचे शेत गेले, पट्टा नसताना पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन कोणाच्या नावे चढली, एवढेच त्यांत आहे. वाङ्मय म्हणून या अहवालांस कोणी हात लावणार नाही. पण आमच्या मते हाइमेनडॉर्फ यांचे खरे मोठेपण तेथे आहे. ज्या कथांमुळे गोंडांचे अंतरंग त्यांस कळले, त्यांचाच आधार त्यांच्या रुक्ष निवेदनास होता. जमीन म्हणजे केवळ उत्पन्नाचे साधन नसून कुळीचे दैवत जेथे वसते ते ठिकाण होय, हे ज्यास ठाऊक आहे, तोच ‘दुसरीकडे जमीन देऊ’ या सरकारी उत्तरातील फोलपणा दाखवू शकतो.

या अहवालांचे फळही लवकर दिसले. महसूल खात्याचे सूत्र त्या वेळी डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या हाती होते. ते स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवरील १९३८ च्या ग्रंथाचे कर्ते. म्हणजे अहवाल लिहिणारा अभ्यासक आणि वाचणाराही अभ्यासक, असा दुर्मीळ योग जुळून आला. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. आदिवासी क्षेत्रांसाठी १९४६ मध्ये स्वतंत्र नियम झाले. आणि पुढील दोनतीन वर्षांत लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे गोंड-कोलामांच्या नावे झाले.

उत्तर तीरावर काय झाले? तेथेही चौकशी झालीच होती, आणि विशेष हे की ती याच ग्रिगसन यांनी केली होती. मध्यप्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या प्रश्नावरील त्यांचा अहवाल १९४४ मध्ये नागपुरास प्रसिद्ध झाला. लेखक तोच, जमाती त्याच, काळ तोच. परंतु तोपर्यंत ग्रिगसन हैदराबादेस गेलेले होते आणि अहवालाचा पाठपुरावा करणारा त्या दर्जाचा माणूस नागपुरास मागे राहिला नव्हता. पैनगंगेच्या दक्षिणेस जे घडले त्याच्या तोडीचे उत्तरेस काही घडले नाही. तेव्हा एखाद्या अहवालाचे यश त्याच्या गुणवत्तेवर अवलंबून असते असे जे आम्ही प्राध्यापक मंडळी मानतो, ते अर्धेच खरे आहे. अहवाल आणि अंमल यांच्यामध्ये दोहोंची भाषा जाणणारा मनुष्य असावा लागतो.

असा मनुष्य म्हणून मराठी वाचकांस परिचित असलेले एक नाव येथे घेतले पाहिजे. सेतुमाधवराव पगडी यांस आपण शिवकालाचे व मोगल-मराठा संबंधांचे इतिहासकार म्हणून ओळखतो. परंतु हैदराबाद संस्थानच्या मुलकी नोकरीत असताना आदिलाबादच्या गोंड-कोलामांत त्यांनी जे काम केले, त्याची आठवण आपल्या वाङ्मयात फारशी निघत नाही. गोंडांविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये आणि कोलामी भाषेचे व्याकरण १९५० मध्ये निघाले. गोंडीचेही व्याकरण त्यांनी लिहिले. अमेरिकन भाषापंडित एमेनो यांचा कोलामीवरील प्रसिद्ध ग्रंथ १९५५ चा, म्हणजे पगडींच्या नंतरचा आहे. शास्त्रीय काटेकोरपणात एमेनो सरस ठरतील, हे आम्ही मान्य करू. पण एका अधिकाऱ्याने, ज्या लोकांच्या अर्जावर आपणांस निर्णय द्यावयाचा आहे त्यांची भाषा आधी शिकावी, आणि शिकून थांबू नये तर तिचे व्याकरण लिहून मागून येणाऱ्या अधिकाऱ्यास वाट करून द्यावी, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या मापाने मोजण्यासारखी नाही. प्रदेशसंशोधन आणि धोरण यांचा सांधा कसा असावा असे कोणी विचारल्यास आम्ही त्या लहानशा व्याकरणाकडे बोट दाखवू.

यावर कोणी म्हणेल की, हे सारे परकीयांच्या व संस्थानिकांच्या छायेत वाढलेले संशोधन. आदिवासींस इतरांपासून वेगळे काढून ठेवण्याचा डाव त्यात होता. हा आक्षेप नवा नाही, आणि क्षुल्लकही नाही. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्येच आदिवासींच्या भवितव्याविषयीच्या आपल्या ग्रंथात तो मांडला, आणि तो ग्रंथ पुण्याच्या गोखले संस्थेने प्रसिद्ध केला. हे लोक ‘मूळनिवासी’ म्हणून वेगळे नसून हिंदु समाजाचाच मागासलेला भाग आहेत, त्यांचे कल्याण मिसळण्यात आहे, वेगळे राखण्यात नाही, असा घुर्ये यांचा पक्ष होता. परकी सरकारच्या ‘संरक्षणा’मागील हेतूंविषयी त्यांनी घेतलेली शंका रास्त होती. तथापि त्यांच्या ग्रंथाची उभारणी मुख्यतः छापील अहवाल व जनगणनेचे खंड यांवर झाली आहे, हे वाचताना पदोपदी जाणवते. मिसळण्याचा पुरस्कार करताना, मिसळण कोणत्या अटींवर होते, हा प्रश्न ग्रंथालयात सुटत नाही. सावकाराच्या वहीतही एक प्रकारचे मिसळणे असते. केळापूरच्या बाजारात कापूस घेऊन आलेला कोलाम बाजारात मिसळला खरा. तो काय घेऊन पोडावर परतला, हे पाहिल्यावाचून त्या मिसळण्याचे मोल ठरवता येणार नाही.

आणि तरीही दक्षिण तीराची कहाणी सुखान्त नाही. १९७० नंतर हाइमेनडॉर्फ पुन्हा आदिलाबादेस आले. तोपर्यंत ते लंडनच्या पौर्वात्य व आफ्रिकी विद्यांच्या संस्थेत अध्यापन करून वृद्ध झाले होते. आपल्या अहवालांमुळे ज्यांस पट्टे मिळाले त्यांतील पुष्कळांच्या जमिनी पुन्हा परक्यांच्या हाती गेल्याचे त्यांनी पाहिले, आणि १९८२ च्या ग्रंथात ते स्पष्टपणे लिहून ठेवले. कायदे होतेच, ते चालविणारी माणसे बदलली होती. याच ग्रंथात आमच्या विषयास साक्षात भिडणारी आणखी एक नोंद आहे. १९७६ च्या कायद्याने, १९७७ पासून, तेलंगण विभागातील लंबाडा म्हणजे बंजारा समाजाचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रात, तोच समाज विमुक्त जातींत मोडत होता व आजही मोडतो. परिणामी महाराष्ट्राच्या बाजूने अनेक बंजारा कुटुंबे पैनगंगा ओलांडून गेली आणि गोंड-कोलामांच्या राखीव जमिनींवर त्यांचा भार पडला. यात बंजाऱ्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. दारिद्र्य आणि वणवण त्यांच्याही वाट्यास कमी आलेली नाही. दोष आहे तो नकाशा पाहून निर्णय घेणाऱ्या धोरणाचा. प्रदेश नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला असताना कायदा एकाच तीरापुरता विचार करतो, आणि मग लोक स्वतःच्या पायांनी त्या कायद्यातील चूक दाखवून देतात.

उत्तर तीरावर तर अशी रेषा राज्याराज्यांमध्ये नव्हे, एकाच जिल्ह्याच्या पोटात ओढली गेली. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींच्या ज्या याद्या झाल्या, त्यांत विदर्भातील गोंड, कोलाम इत्यादि जमातींस मान्यता मिळाली ती ठराविक तालुक्यांपुरती. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ हे तालुके त्यांत होते. दारव्हा व पुसद नव्हते. म्हणजे केळापुरातील गोंड हा कायद्याने आदिवासी, आणि त्याचाच सोयरा पुसद तालुक्यात राहात असल्यास तो नव्हे. लग्न करून तालुक्याची शीव ओलांडणाऱ्या मुलीच्या लेकरांची जमात कोणती, याचे उत्तर कोणत्याही मानवशास्त्रीय ग्रंथात सापडले नसते, कारण प्रश्नच मानवशास्त्राचा नव्हता. ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या त्याच कायद्याने उठली. त्याअगोदरचे पाव शतक कितीएक मुलांनी शाळेची सवलत आणि कितीएक कुटुंबांनी जमिनीचे संरक्षण गमावले असेल, त्याची मोजदाद करण्याचा आता मार्ग नाही. पुढे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात केळापूर, मारेगाव, राळेगाव व घाटंजी या तालुक्यांतील गावे अनुसूचित क्षेत्र म्हणून नोंदली गेली आणि आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी पांढरकवड्यास आहे. परंतु ज्या तालुकावार यादीने इतकी वर्षे माणसांची विभागणी केली, ती कोणत्या अभ्यासावर उभी होती हे विचारण्याची गरज त्या काळी राज्यकर्त्यांस भासली नाही. आणि सांगावयास दुःख होते की, विद्यापीठांसही भासली नाही.

तिसरा काळ समित्यांचा. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये समिती नेमली गेली व १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. सर्व राज्यातील मिळून सुमारे ३,१८७ कोटी रुपयांची तूट तिने काढली; त्यांपैकी विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटींचा होता. ‘अनुशेष’ हा शब्द मराठी राजकारणात रूढ झाला तो या अहवालामुळे. अहवालाची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. गाऱ्हाणी सांगण्याची जी आपली रीत, तिला दांडेकरांनी हिशेबाचे वळण लावले आणि प्रत्येक खात्याची तूट जिल्हावार मांडून दाखविली. पण हिशेबाच्या पद्धतीतच एक मर्यादा दडली होती. तूट म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा जे कमी ते. रस्ते किती मैल कमी, सिंचन किती हेक्टर कमी, हे तिने दाखविले. त्या प्रदेशाच्या जमिनीस, पावसास व माणसांस मुळात कोणत्या गोष्टीची गरज आहे, हा प्रश्न सरासरीच्या खाली झाकला गेला. जिल्हा हे माप धरले म्हणजे यवतमाळ शहर आणि केळापुरातील कोलाम पोड एकाच बेरजेत येतात. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे झाली, २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. ‘अनुशेष’ हा शब्द मात्र सभांमधून अजून घुमतो आहे.

यानंतरचे वाङ्मय वाचण्यास मन घट्ट करावे लागते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला. त्यामागून २००६ मध्ये मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्र यांचा अहवाल आला. त्यांनी यवतमाळ, वर्धा व वाशीम या जिल्ह्यांतील आत्महत्याग्रस्त कुटुंबे आणि तशाच परिस्थितीतील इतर कुटुंबे यांची तुलना केली. शोकाच्या विषयात अशी थंड डोक्याची तुलना करणे यास धैर्य लागते, आणि तिच्यामुळेच कर्ज, घसरती पत व कोरडवाहू शेतीतील अनिश्चितता यांचे स्थान नेमके कळले. २००८ मध्ये डॉ. नरेंद्र जाधव यांचाही अहवाल आला. अहवालांची उणीव होती असे कोणी म्हणू नये. धोरणेही झाली: राज्याचे १,०७५ कोटींचे साहाय्य २००५ च्या अखेरीस, आणि केंद्राचे सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे १ जुलै २००६ रोजी.

परंतु अहवालातून धोरणात उतरताना काय झाले ते पाहा. ज्या मुलखात उन्हाळ्यात माणसांस पाणी पुरत नाही, तेथे संकरित दुभत्या गायी वाटण्यात आल्या. चारापाण्याअभावी पुष्कळांस त्या विकाव्या लागल्या. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत संपूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टर ठेवली गेली. त्याहून अधिक जमीन असलेल्यास ठराविक रक्कम आधी भरल्यावर अंशतः सूट. बागायती मुलखात दोन हेक्टरांचा धनी सुखवस्तू असू शकतो. केळापूर तालुक्यात आठ एकर कोरडवाहू कापूस पेरणारा मनुष्य एका पावसाच्या ओढीने उघड्यावर पडतो. पण तो ‘मोठा’ शेतकरी ठरला आणि मर्यादेबाहेर गेला. पुढे राज्य सरकारने काही पूरक सवलत दिली. परंतु मूळ नियम करताना प्रदेशाची एवढी साधी गोष्ट ध्यानात न येणे हे अभ्यासाच्या अभावामुळे झाले नाही. अभ्यास मेजावर पडलेला होता. नियम सबंध देशासाठी एकच हवा, या हट्टापुढे त्याचे काही चालले नाही.

त्याहूनही आम्हांस अस्वस्थ करणारी गोष्ट एका शब्दाची आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य देण्यासाठी जे निकष ठरले, त्यांत शेतजमीन त्याच्या नावे असणे, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे असणे, आणि त्याच्या वसुलीचा तगादा असणे या अटी होत्या. त्या पुऱ्या झाल्या तर ती आत्महत्या ‘पात्र’, नाही तर ‘अपात्र’. पात्रता हा शब्द आपल्या भाषेत दानाशी, विद्येशी, अधिकाराशी जोडलेला आहे. तो मरणास लावण्याचा प्रसंग मराठी भाषेवर यापूर्वी आला नसेल. ज्या स्त्रीच्या नावे सातबारा नाही पण जिने जन्मभर शेत राखले, ज्याने दुसऱ्याची जमीन बटाईने केली, ज्याने बिनपरवाना सावकाराकडून चिठ्ठीवर पैसे उचलले, ती सारी माणसे संशोधकांच्या अहवालांत आहेत, निकषांत नाहीत. संशोधनाने जे पाहिले ते धोरणाने शब्द बदलून पुसून टाकले. साहित्याच्या अभ्यासकाने अशा शब्दावर बोट ठेवले नाही तर दुसरे कोण ठेवणार?

आता या सर्वांवरून काय निष्पन्न होते, ते थोडक्यात सांगतो. परदेशांतील विद्यापीठांत प्रदेशाभ्यास ही स्वतंत्र शाखा दुसऱ्या महायुद्धानंतर भरभराटीस आली. अमेरिकेत १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने तिला सरकारी द्रव्य मिळाले, आणि कायद्याच्या नावावरूनच हेतू कळून येतो. त्या द्रव्यावर उत्तम कोश झाले, उत्तम ग्रंथ झाले, महाराष्ट्राविषयीही झाले. त्यांचे ऋण नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. पण ती विद्या दुसऱ्याच्या प्रदेशाची विद्या होती. आपणांस आपल्याच प्रदेशाची विद्या हवी आहे, आणि पुणे, मुंबई, दिल्ली येथून केलेला पांढरकवड्याचा अभ्यास हाही बहुधा दुसऱ्याच्याच प्रदेशाचा अभ्यास ठरतो. संशोधक दहापंधरा दिवस येतो, प्रश्नावली भरून नेतो, आणि त्याचा अहवाल इंग्रजीत निघतो. ज्याच्या ओसरीवर बसून त्याने ती भरली, त्यास आपल्याविषयी काय लिहिले गेले हे कधीच कळत नाही. मिश्र यांच्या अहवालाचे मराठी भाषांतर प्रत्येक ग्रामपंचायतीत असते, तर गायींच्या वाटपास पहिला विरोध गावातूनच झाला असता.

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. कोणत्याही प्रदेशाविषयीचा जो अहवाल सरकार स्वीकारते, तो त्या प्रदेशाच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा, आणि त्यातील कोणती शिफारस का नाकारली याचे कारण सरकारने त्याच भाषेत द्यावे. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपापल्या तालुक्याची पाहणी एकदाच न करता दर पाच वर्षांनी करावी, म्हणजे हाइमेनडॉर्फ यांस तीस वर्षांनी जे दिसले ते आपणांस पाचव्या वर्षी दिसेल. आणि ज्या अधिकाऱ्याची नेमणूक कोलाम-गोंडांच्या मुलखात होते, त्यास पगडींचे व्याकरण निदान एकदा चाळावयास लावावे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले आज संशोधनाच्या शिष्यवृत्त्या घेऊन दूरदूरच्या विद्यापीठांत जात आहेत, आणि त्याचा आम्हांस आनंदच आहे. त्यांच्यापैकी एखाद्याने प्रबंधाचा विषय निवडताना पैनगंगेकाठच्या एखाद्या पोडाचा विचार करावा आणि प्रबंध पुरा झाल्यावर त्याची मराठी प्रत घेऊन त्याच पोडावर परत जावे. तेथील लोक ती ऐकतील, चुका दाखवतील, हसतील, कदाचित रागावतीलही. त्या दुरुस्त्यांसह जो ग्रंथ तयार होईल, तो मंत्रालयात पोहोचण्याच्या अधिक योग्यतेचा असेल.